हेर आणि कालवा

कैरोला निघण्यापूर्वी शहाण्या माणसाने मार्गदर्शिका वाचावी. मी एक फ्रेंच चित्रपट पाहून निघालो. मिशेल आझानाविसियूस यांचा 2006 चा, 'ओएसएस 117 : कैरो, हेरांचे घरटे' अशा अर्थाच्या नावाचा.

हा 117 मूळचा झाँ ब्रूस या लेखकाचा हेर. 1949 पासून त्याच्या कादंबऱ्या निघाल्या, त्यांवर गंभीर चेहऱ्याचे हेरपटही निघाले. आपल्या बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारचा फ्रेंच मावसभाऊ म्हणा ना! 2006 च्या चित्रपटाने त्याचा सूट आणि चापूनचोपून बसवलेला भांग तसाच ठेवला. मोटार जागच्या जागी आणि मागे पडद्यावर रस्ता पळतो आहे, ही जुनी युक्तीही ठेवली. बदलले एवढेच, की पूर्वी नायकाच्या ऐटीला कोणी उत्तर देत नसे, इथे देतात.

1955 साली स्वारी कैरोत उतरते. सोंग कोंबड्यांच्या व्यापाऱ्याचे. दिवा लावला की कोंबड्यांचा कलकलाट, मालवला की चिडीचूप. एवढ्यावर हा वीर तासन्‌तास रमतो. बक्षिशी म्हणून फ्रान्सचे अध्यक्ष रने कोती यांची तसबीर देतो! पहाटेच्या बांगेने झोपमोड झाली, तर मनोऱ्यावर चढून बांग देणाऱ्यालाच गप्प करतो. कैरोच्या हॉटेलात पहिल्याच पहाटे चहूकडून बांग उठली, तेव्हा मला त्या गड्याची कीव आली. किती मनोरे चढणार?

पण खरी गंमत कालव्याची. चार हजार वर्षांपूर्वी असे काम करणारे लोक केवढे द्रष्टे, असे तो लार्मिना या इजिप्शियन तरुणीला ऐकवतो. ती शांतपणे सांगते, 86 वर्षे झाली. 1869 चा हा कालवा काढला द लेसेप्स या फ्रेंच माणसानेच. आरंभी राबले ते सक्तीने आणलेले इजिप्शियन शेतकरी. साहेबाला त्यांची दाद नसावी हे समजू शकते, पण स्वतःच्या देशाची बढाईसुद्धा धड पाठ नसावी? उर्मटपणाला आळसाची अशी जोड मी दुसऱ्या कुठल्या विनोदात पाहिली नाही.

पुढच्याच वर्षी, 26 जुलै 1956 ला, नासर यांनी कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स चालून आले आणि परत गेले. प्रेक्षकाला हे ठाऊक असते, हेराला नाही.

पोर्ट सैदला मी कालव्याच्या तोंडाशी गेलो. हात पुढे करून जगाला 'या' म्हणणारा लेसेप्सचा पुतळा इथे होता. मुंबईहून बॅरिस्टर व्हायला बोटीने निघालेल्या आपल्या कितीतरी मंडळींनी तो पाहिला असेल. डिसेंबर 1956 मध्ये लोकांनी तो पाडला. आता समोरून घराएवढ्या पेट्यांचे डोंगर लादलेली जहाजे मुकाट्याने जातात.

सौभाग्यवतींना मी कौतुकाने सांगितले, "त्या चित्रपटातले कैरो मोरोक्कोत चित्रित केलेले आहे."

"मग तिकिटे तिकडचीच काढायची होती," त्या म्हणाल्या.