हालापेन्योच्या जागी आंचो

नाचोज गोड करायचे ठरले की पहिल्यांदा हकालपट्टी होते ती मिरचीची. त्रिकोणांवर दालचिनी-साखर भुरभुरायची, वरून चॉकलेट ओतायचं, आइस्क्रीमचा गोळा ठेवायचा, झालं. पण मग ते नाचोज राहत नाहीत, हे त्यांच्या जन्मकथेवरून कळतं. ईगल पास या टेक्सासमधल्या गावासमोर, नदीपलीकडे, मेक्सिकोतलं पिएद्रास नेग्रास आहे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या व्हिक्टरी क्लबमध्ये इग्नासिओ अनाया यांनी पलीकडून आलेल्या बायकांसाठी हाताशी होतं त्यातून हा पदार्थ जमवला, असं सांगतात. इग्नासिओचं लाडकं रूप ‘नाचो’, म्हणून हे नाव. मक्याच्या टॉर्टियाचे तळलेले तुकडे, त्यांवर चीज आणि आंबवणीतली हालापेन्यो मिरची. म्हणजे मका, दूध आणि तिखट. गोड करताना या तिघांपैकी कुणालाही घालवायची गरज नाही, फक्त रूप पालटायचं. चीजच्या जागी काहेता, म्हणजे आटवलेल्या दुधाचा दाट पाक, आणि हालापेन्योच्या जागी आंचो ही सुकी मिरची.

तिखटाने गोडाची चव मरते, असा आक्षेप येईल. पण तिखट ही जिभेची चवच नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं. डेव्हिड ज्युलिअस यांच्या गटाने ती ग्राही १९९७मध्ये शोधली आणि २०२१च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. गोडवा वेगळ्या वाटेने जाणवतो, त्यामुळे दोघांना एकाच घासात जागा मिळते. शिवाय साखर आणि दूध दोन्ही आग शमवतात. मेक्सिकोला हे सांगावं लागत नाही. पुएब्लाच्या मोले या दाट रश्शामध्ये चॉकलेट आणि सुक्या मिरच्या एकत्र शिजतात, आणि गाडीवरच्या आंब्याच्या फोडींवर लिंबू पिळून तिखट टाकतात. कैरीवर तिखट-मीठ घेणाऱ्या आपल्याला तर त्यात नवल वाटू नये. मिरची आपल्याकडे आलीच मुळी अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजांवरून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोडाला गव्हाची टॉर्टिया बरी. मेक्सिकोतले साखर-दालचिनीचे तळलेले बुन्युएलोस गव्हाचेच असतात, आणि मैदा साखरेशी पटकन जुळवून घेतो, हे खरं. पण टॉर्टियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो. त्या चुन्याचा एक मातकट, भाजका गंध तळल्यावरही टिकतो आणि गोडाला मिळमिळीत होऊ देत नाही. तो घालवून काय मिळवायचं?

टॉर्टिया आदल्या दिवशीची घ्यावी. ओल कमी असते म्हणून तेल कमी पिते. कढईतून काढल्याबरोबर, तेल ओलं असतानाच, साखर, दालचिनी, मीठ आणि आंचोची पूड यांत घोळवावी. आंचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो मिरची. तिला मनुकांसारखा वास असतो. ती नसेल तर बेडगी चालेल, पण तो वास मिळणार नाही. लवंगी मात्र नको. काहेता शेळीच्या दुधाची: साखर आणि चिमूटभर खायचा सोडा घालून, तांबूस दाट होईपर्यंत ढवळत आटवायची. सोड्यामुळे दूध फाटत नाही आणि रंगही गडद येतो. ती ताटभर ओतू नये. मूळच्या नाचोजमध्ये प्रत्येक तुकड्याची मांडणी स्वतंत्र होती आणि इथे ती शिस्त अधिकच गरजेची आहे, कारण पाकाखाली दबलेला मका काही मिनिटांत लोळागोळा होतो. एकेका त्रिकोणावर काहेताचा थेंब, त्यावर लिंबू लावलेली आंब्याची बारीक फोड, आणि पुढचा त्रिकोण हातात घेण्याआधी हा तोंडात.