ओटीवरचा घोडा

नरपड, मार्च २०२५

चि. निनाद,

नैरोबीच्या सेरेना हॉटेलाचा फोटो पाहिला. कंपनीने झकास ठिकाणी उतरवलंय की! तू विचारलंस, आपल्या ओटीवर देवांच्या तसबिरींशेजारी घोडा कशाला? गंमत अशी, की त्या घोड्याचे मालक आणि तुझ्या हॉटेलाचे संस्थापक एकच. प्रिन्स करीम आगाखान, इस्माइली खोजांचे इमाम. गेल्याच महिन्यात, ४ फेब्रुवारीला, लिस्बनला वारले.

तुझ्या आजोबांना रेसचा भारी नाद. चिकूचे पैसे हातात आले की रविवारी विरारला गाडी बदलून थेट महालक्ष्मी. येताना खिशात फाटकी तिकिटं आणि आजीसाठी एक नवी सबब. ओटीवरचा हा घोडा, शेरगर, मात्र त्यांनी फक्त पेपरात पाहिला. १९८१ची एप्सम डर्बी तो दहा लेंथनी जिंकला. कपाळावर पांढरा पट्टा, चारी पाय पांढरे. कात्रण फ्रेम केलं ते सुताराने तिरकं बसवलं, म्हणून तो अजून चढावर धावतोय.

१९८३च्या फेब्रुवारीत आयर्लंडच्या पागेतून बंदूकधाऱ्यांनी त्याला पळवलं. खंडणी मागितली, पण घोडा काही सापडला नाही. बातमी वाचून आजोबा जेवले नाहीत. आजी म्हणाली, "स्वतःचे पैसे बुडाले तेव्हा बरे दोन वेळा जेवलात!"

घोडे आगाखानांच्या घराण्यातच. करीमचे आजोबा एप्समची डर्बी पाचदा जिंकले. १९६०मध्ये वडील मोटार अपघातात गेले आणि तेविसाव्या वर्षी पागा यांच्या गळ्यात पडली. तेव्हा यांना घोड्यातलं काही कळत नव्हतं. शिकले, आणि तीच डर्बी पाचदा जिंकून आजोबांशी बरोबरी केली.

हॉटेलांचंही तसंच. १९६२पासून सार्डिनियाच्या ओसाड किनाऱ्यावर श्रीमंतांसाठी आलिशान वसाहत उभी केली, पण उंच इमारतींना बंदी. यॉटवाल्यांच्या त्या थाटाचं मला कौतुक नाही. इमारती ठेंगण्या ठेवल्या याचं आहे. आपल्या सुरूंपलीकडे कुणी टॉवर उठवला तर कसं दिसेल? पुढे केन्यात सेरेना निघालं, २००५मध्ये तर युद्धाने पोळलेल्या काबूलमध्येही.

आणि पुण्याचा आगाखान पॅलेस, जिथे कस्तुरबा गेल्या, तोही १९६९मध्ये यांनीच देशाला देऊन टाकला.

फ्रेमला वाळवी लागलीय. नवी करू म्हटलं, तर तुझी आजी म्हणते, "कर, पण तिरकीच बसव."

तुझा,
काका