उदगीरची अशोक विजयादशमी

अशोक विजयादशमीला नागपूरला जायचे, हे नांदेडकडच्या कोणत्याही बौद्ध घरात लहानपणापासून कानावर पडते. पण प्रत्यक्षात दरवर्षी जाणारे किती? आश्विन म्हणजे सोयाबीनच्या काढणीचा महिना. मजुराच्या हातात रोख पैसा येण्याचे वर्षातले हेच पंधरा-वीस दिवस. उक्ते घेतलेले रान अर्धवट टाकून तीन-चार दिवस दीक्षाभूमीवर जाणे सगळ्यांना जमत नाही. पूर्वी नंदीग्राम एक्स्प्रेस नांदेडवरून थेट नागपूरपर्यंत जात असे, आता तीही तिथवर जात नाही. मग ही माणसे आपापल्या तालुक्याच्या गावी जमतात. नागपूरच्या सोहळ्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, तालुक्याच्या सोहळ्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून १२ ऑक्टोबर २०२४ च्या शनिवारी आम्ही उदगीरला काढलेल्या एका दिवसाची ही हकिकत.

उदगीरच का, याला कारण होते. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिथल्या बुद्ध विहाराचे उद्घाटन झाले. कलबुर्गीच्या प्रसिद्ध विहाराच्या धर्तीवर तो बांधलेला आहे. कलबुर्गीच्या विहाराचे उद्घाटनही २००९ साली राष्ट्रपतींच्याच हस्ते, प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले होते. दोन्ही वेळा राष्ट्रपतिपदावर एक स्त्री होती, ही गोष्ट माझ्या पत्नीच्या लक्षात आली, माझ्या नाही. तर, विहार उघडल्यानंतरची ही पहिलीच अशोक विजयादशमी.

सकाळी सहाच्या लाल परीने नांदेड सोडले. नरसी, मुखेड, जांब, जळकोट असा रस्ता. गाडीत निम्म्याहून जास्त बायका, त्यातल्या बऱ्याच पांढऱ्या साड्यांतल्या. २०२३ सालापासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले आणि पंचाहत्तरीपुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून प्रवासच मोफत. त्याचा परिणाम अशा दिवशी डोळ्यांना दिसतो. एरवी घरातला कर्ता पुरुष एकटाच 'कार्यक्रमाला' जायचा आणि रात्री येऊन सांगायचा, भाषण चांगले झाले. आता सासू, सून, लेकी मिळून निघतात.

मुखेडच्या स्टँडवर आत्या आणि वहिनी चढल्या. आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. वहिनीच्या हातावर सोयाबीनच्या शेंगांनी ओरखडे पडलेले. तिने आजची मजुरी बुडवली होती आणि रविवारी पहाटे पुन्हा रानात जायचे होते. "आपलं रान थोडंच हाय, पण उक्तं चार एकर घेतलंय," ती म्हणाली. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४८९२ रुपये क्विंटल जाहीर झालेला आणि मोंढ्यात मात्र भाव त्याच्या बराच खाली. मालकाला भाव नाही, की मजुराच्या पैशाला पाय फुटतात. गाडीत निम्मी चर्चा हीच चालली होती.

जांब मागे पडले तेव्हा आत्याने विषय काढला. १९५६ साली ती दहा वर्षांची होती. आजच्या मुलांना सांगायला हवे की त्या १४ ऑक्टोबरला आपला मराठवाडा महाराष्ट्रात नव्हताच, कारण महाराष्ट्र राज्यच नव्हते. नांदेड हैदराबाद राज्यात होते आणि नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी. राज्य पुनर्रचना होऊन दोन्ही मुंबई राज्यात आले ते १ नोव्हेंबरला, म्हणजे दीक्षेनंतर अठरा दिवसांनी. नांदेडहून नागपूरला थेट रेल्वे नव्हती. आत्याच्या गावातून कोणीच जाऊ शकले नाही. बातमी आली तीही उशिराने, आणि ती आल्यावर दोनच महिन्यांत बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी आली.

"मग तुमच्या गावानं दीक्षा कधी घेतली, आजी?" माझ्या मुलीने विचारले.

"दीक्षा नंतर. आधी रेडा सोडला."

तिला कळेना. आत्याने सांगितले ते असे. दसऱ्याला गावातून रेडा फिरवायचा, वेशीपाशी त्याला मारायचे. तो धरून चालायचे काम महारवाड्याकडे. गाव त्याला मान म्हणे. मागून ओल्या रक्तातून वाट काढत ओझी उचलायची तीही आपल्याच माणसांनी. "दुसऱ्या साली माझ्या बापानं अन् चौघा भावकीनं सांगितलं, आमी धरणार न्हाई. लई बोलणं झालं. दोन महिने गिरणीवाल्यानं आमचं दळण घेतलं न्हाई. आईनं जात्यावर दळलं. तिचे हात असे झालते," आणि तिने वहिनीचा ओरखडलेला हात उचलून मुलीला दाखवला. वहिनीने हात ओढून घेतला, तिला संकोच वाटला असावा.

याच नांदेड जिल्ह्यात पुढे, १९७८ च्या ऑगस्टमध्ये, नामांतराच्या दंगलीत टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवे मारले गेले आणि १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. रेडा नाकारण्याची गोष्ट मात्र कोणत्या पुस्तकात नसते. ती म्हाताऱ्या माणसांकडे असते. आपापल्या घरी विचारून ठेवावी.

उदगीर सीमेवरचे गाव. एकीकडे कर्नाटकातले बिदर, पलीकडे तेलंगणा. स्टँडवर उतरताच मराठी, कानडी, उर्दू सगळे एकदम कानावर येते. स्टँडबाहेर गाड्यावर सुशीला खाल्ली. मुरमुऱ्यांचा हा पदार्थ पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना ठाऊक नसेल, तर एकदा नांदेड-लातूरकडे या. तिथून विहाराकडे पायी निघालो.

रस्त्यावर दसऱ्याचा बाजार भरलेला. झेंडूचे ढीग, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली धुऊन हार घातलेल्या, आपट्याच्या फांद्या. आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाचीही पाने विकतात, तो भाग वेगळा. या बाजारातूनच पांढऱ्या कपड्यांतली माणसे विहाराच्या दिशेने चाललेली. कोणी कोणाला अडवत नव्हते, कोणाला त्याचे नवलही नव्हते. झेंडूवाली बाई आमच्याकडे पाहून म्हणाली, "पांढरी फुलं पायजेत ना? शेवंती पलीकडं हाय." तिला गिऱ्हाईक बरोबर ओळखू येत होते.

विहार मोठा आहे. उन्हात घुमट डोळ्यांवर येतो, आणि आत पाऊल टाकल्यावर फरशीचा गारवा तळव्यांना लागतो. पंचशील ध्वजारोहण, त्रिशरण-पंचशील, बुद्धवंदना, आणि मग बावीस प्रतिज्ञांचे सामुदायिक पठण. प्रतिज्ञा आपल्या सर्वांच्या ऐकलेल्या असतात, पण शेकडो माणसे एका सुरात म्हणतात तेव्हा शब्दांना वजन येते. आत्या वाचायला शिकलेली नाही. तिला सगळ्या पाठ होत्या, आणि पुस्तिका हातात असलेला माझा मुलगा दोनदा चुकला.

पूज्य भन्तेंच्या धम्मदेसनेत वर्षावासाचा उल्लेख आला. आश्विन पौर्णिमा पाच दिवसांवर होती, वर्षावास संपत आला होता. या तीन महिन्यांत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन होते. ते रोज ऐकायला येणाऱ्या माणसांत स्त्रियाच अधिक असतात, पुरुष समारोपाला येतात. असा अनुभव आमच्या नांदेडातल्या वस्तीतही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एवढी सुंदर वास्तू उभी राहिली, ती एका दिवसापुरती भरून चालणार नाही. एका बाजूला अभ्यासिका चालू राहिली तर स्पर्धा परीक्षेची मुले संध्याकाळी कुठे बसावे म्हणून हिंडणार नाहीत.

बाहेर पुस्तकांचे दोन आणि बिल्ले-लॉकेट-फोटोंचे अनेक स्टॉल होते. मुलीने पुस्तक घेतले, मुलाने निळी टोपी. दुपारी खीर आणि मसालेभाताची पंगत बसली. मिरवणुकीसाठी हलगी वाजवणारे मातंग समाजाचे कलावंत आले होते, तेही आमच्याच ओळीत जेवायला बसले. गावच्या दसऱ्यात हलगीवाला वाजवून झाल्यावर बाजूला उभा राही आणि त्याच्या पदरात वरून टाकले जाई, हे आत्याने पाहिलेले. तिने आपल्या हाताने त्यांना वाढले.

मिरवणुकीला चार वाजणार होते, म्हणून मधल्या वेळात किल्ला पाहिला. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो उदगीरची लढाई म्हणून इतिहासात आहे. पुढल्याच जानेवारीत पानिपत झाले. उदगीरला मराठ्यांकडून तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी पानिपतावरही मराठ्यांच्याच बाजूने लढला आणि लढाईनंतर कैदेत मारला गेला. किल्ल्याच्या आत उदागीर बाबांचे स्थान आहे. गावाचे नाव त्यांच्यावरूनच पडले म्हणतात. तटाखाली खोल खंदक आहे. मुले बुरुजावर पळाली. आत्या खंदकाच्या काठावर थांबली आणि म्हणाली, "येवढं खणलं कुणी असंल?" तिथल्या कोणत्याही फलकावर त्याचे उत्तर नव्हते.

परतीच्या वाटेवर एक प्रसंग घडला, त्यावर घरी अजून वाद चालू आहे. एका किराणा दुकानात पाण्याची बाटली घेतली. वयस्कर दुकानदाराने माझ्या मुलीपुढे आपट्याची दोन पाने धरली. "घे बाळा, सोनं घे." मुलगी आईकडे पाहू लागली. सकाळीच बावीस प्रतिज्ञा म्हणून झालेल्या. पत्नीचा चेहरा कसनुसा झाला. आत्याने पुढे होऊन ती पाने घेतली आणि डब्यात वहिनीने बांधून घेतलेली खीर वाटीभर त्याच्यापुढे ठेवली. "आमचाबी आज सणच हाय. जयभीम." त्याने आधी जरा चाचरत पाहिले, मग आतून चमचा आणून तिथेच उभ्याने खीर खाल्ली.

पत्नीचे म्हणणे, पान घेतले की हळूहळू बाकीचेही मागे येते. आपल्या घरांत असे झालेले पाहिले आहे, आणि तिचे भय खोटे नाही. माझे मत आत्याच्या बाजूचे आहे. प्रतिज्ञा देवदेवतांच्या पूजेबद्दल आहेत, शेजाऱ्याने पुढे केलेल्या हाताबद्दल नाहीत. आणि खीर त्याने खाल्ली, ही गोष्ट मला पानाहून मोठी वाटते. आत्याच्या बापाच्या काळी त्या वाटीला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. काही वाचकांना हे पटणार नाही, त्यांनी जरूर लिहावे.

चारची मिरवणूक साडेपाचला निघाली. पुढे पंचशील ध्वज, मग तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, लेझीम खेळणाऱ्या मुली, हलगी, आणि सर्वांत मागे डीजेची गाडी. हलगी चालू होती तोवर म्हाताऱ्या बायकाही ताल धरत होत्या. डीजे सुरू झाला तशा त्या कडेला सरकल्या, एक लहान बाळ दचकून रडू लागले. भन्तेंनी दोनदा सांगून पाहिले. आयोजक मंडळींचे कष्ट मोठे आहेत, त्यांनी डीजेवर जाणारे पैसे हलगीवाल्यांना वाढवून द्यावेत, एवढेच सुचवतो.

बाजारपेठेतून मिरवणूक जात असताना समोरून सीमोल्लंघनाहून परतणारी माणसे आली. रस्ता अरुंद. दोन्हीकडचे काही क्षण थांबले. मग लेझीमच्या मुलींनी आपली रांग एका अंगाला घेतली, ते दुसऱ्या अंगाने गेले. आत्या माझ्या हाताला धरून रस्त्याच्या मधोमध चालत होती. मी तिला म्हटले, "कडेनं चल, दमशील." ती म्हणाली, "न्हाई, इथूनच."

रात्री आठच्या गाडीला गर्दी फार. कंडक्टरने आत्याचे आधार कार्ड पाहून तिला पुढची जागा दिली. जळकोटपर्यंत ती जागी होती. मुखेडला उतरताना वहिनीने विचारले, सोमवारी १४ तारीख आहे, तुम्ही नांदेडला स्टेशनाजवळच्या पुतळ्यापाशी येणार ना? तोवर रान उरकले तर ती आणि आत्या दुपारच्या गाडीने येणार होत्या.