प्रिलिमनंतरची केमिस्ट्री

बारावीची प्रिलिम जानेवारीत झाली आणि लेकीला केमिस्ट्रीत ७० पैकी ३१ मार्क पडले. बाकीचे विषय ठीक होते. आम्ही रेवदंड्याचे, ती एसटीने अलिबागला कॉलेजात जायची. फेब्रुवारीत बोर्ड आणि मागोमाग सीईटी. मला धास्ती बसली होती, तिला तसं कळू दिलं नाही.

त्याच आठवड्यात तिच्या ऑनलाइन क्लासने नव्या प्रश्नांचा भला मोठा गठ्ठा पाठवला. ती मध्यरात्रीपर्यंत सोडवत बसायची आणि सकाळी रडकुंडीला यायची. मी बीएस्सीला केमिस्ट्री घेतली होती. पुस्तक सुटून वर्षं झाली, पण तपासलेला पेपर वाचता येत होता. रविवारी ओटीवर बसून आम्ही तो पहिल्या पानापासून वाचला.

बालभारतीच्या पुस्तकात धडे १६, पण मार्क गेले होते मोजक्याच जागी. सर्वात जास्त एककांत. वायू स्थिरांक R ची किंमत कधी ०.०८२१, कधी ८.३१४, आणि ती हाताला येईल ती घालायची. मी म्हटलं, समोरच्या समुद्राचं गणित करू. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. सगळं मीठ धरलं तर ३५ भागिले ५८.५, म्हणजे जवळजवळ ०.६ मोल. विरघळल्यावर एकाचे दोन आयन होतात म्हणून व्हॅन्ट हॉफ फॅक्टर २. तापमान ३०० केल्विन. ०.०८२१ घातल्यावर ऑस्मॉटिक दाब तीसच्या आसपास आला, ८.३१४ घातल्यावर तीन हजारच्या आसपास. "आई, यातलं चूक कुठलं?" दोन्ही बरोबर. पहिलं उत्तर ॲटमॉस्फिअरमध्ये, दुसरं किलोपास्कलमध्ये. त्या दिवसापासून ती आकड्याआधी एकक लिहायला लागली. ΔG काढताना ΔH किलोज्यूलमध्ये आणि ΔS ज्यूलमध्ये दिलेलं असतं, तिथले मार्कही त्यामुळे वाचले.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत ॲनोड धन की ऋण, यावर गाडी अडायची. गॅल्व्हानिक सेलमध्ये तो ऋण, इलेक्ट्रोलिसिसमध्ये धन. चिन्ह बदलतं, पण ॲनोडवर ऑक्सिडेशनच होतं, हे पक्कं धरायला सांगितलं. तिच्या काकांनी खाडीवर नेऊन बोटीच्या पंख्याजवळ बसवलेला जस्ताचा तुकडा दाखवला. जस्ताचं पोटेन्शियल −०.७६ व्होल्ट, लोखंडाचं −०.४४. म्हणून खारं पाणी आधी जस्त खातं आणि लोखंड वाचतं. ॲनोड आणि ऑक्सिडेशन ही जोडी ती पुन्हा विसरली नाही.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ती घरी सगळी गणितं मोबाइलवर करत होती. मोबाइल कपाटात गेला. पहिले काही दिवस pH आणि कायनेटिक्सच्या गणितांना दुप्पट वेळ लागला, चिडचिड झाली, मग हात बसला.

सीईटीत केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, त्यातले सुमारे २० टक्के अकरावीवर. अकरावीचं पुस्तक तिने रद्दीत दिलं नव्हतं, हे नशीब. ले शॅटेलियेचं तत्त्व आम्ही थळच्या आरसीएफ खत कारखान्यावरून केलं. तिथे अमोनिया बनतो. अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे थंडपणा उत्पादनाला चांगला, पण मग क्रियाच रेंगाळते. म्हणून ४००–५०० अंश सेल्सिअस, मोठा दाब आणि लोहाचं कॅटॅलिस्ट. समतोल आणि वेग हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तिला तिथे कळलं.

ऑरगॅनिकला यातलं काही चाललं नाही. तिथे समजून घेऊनही लिहूनच पाठ करावं लागतं, असं माझं मत झालं. मोठ्या कागदावर मधोमध इथेनॉल लिहून त्यातून काय काय बनतं त्याचे बाण ती काढायची, रोज न बघता. थोडा फरक पडला. अमाइन्स शेवटपर्यंत कच्चेच राहिले आणि सीईटीत त्यांनी दगा दिलाच.

क्लासचा तो गठ्ठा निम्म्याहून जास्त तसाच राहिला. बोर्डात प्रॅक्टिकल धरून केमिस्ट्रीला १०० पैकी ८२ आले.

घरात बारावीचं मूल असेल तर प्रिलिमचा तपासलेला पेपर कॉलेजातून मागून घ्या आणि नवे प्रश्नसंच आणण्याआधी तो घेऊन त्याच्याजवळ बसा. आपल्याला केमिस्ट्री येत नसली तरी "इथला मार्क कशाने गेला?" एवढं विचारता येतं.