सतरा दांते

सपाट रस्त्यावर आमची जुनी बुलेट फारच ओरडते असें वाटून आम्हीं गिअरबॉक्सवरील १६ दांत्यांचें चक्र (मिस्त्री त्यास स्प्रॉकेट म्हणतात) काढवून १७ दांत्यांचें बसविलें. मागील चक्र ३८ दांत्यांचेंच राहिलें. तेवढ्याच वेगास इंजिनाचे फेरे शेंकडा सुमारें सहा कमी झाले. गाडी शांत धांवूं लागली. वर्गांत गुणोत्तर शिकवितांना हें उदाहरण आम्हीं मोठ्या ऐटीनें दिलें!

पुढें वाईहून पांचगणीस निघालों. पाठीमागें पत्नी व सामान. पसरणी घाटांत तिसरा गिअरहि ओढीना. दुसऱ्यांत, धापा टाकीत चढलों. जितके फेरे वांचले तितकीच ओढ गेली होती. गणिताचा हा अर्धा भाग मुलांना सांगावयाचा राहिला होता. सोमवारीं तो फळ्यावर लिहिला. चक्र मात्र अद्याप १७ दांत्यांचेंच आहे.