राखीव दिवस

गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून नेपाळमधल्या अन्नपूर्णेची फेरी मी कागदावरच करतो. चालणारे दुसरे, आखणारा मी. यंदा भाचीने दिवाळीच्या सुट्टीचा बेत स्वतःच आखला आणि ‘फक्त नजर टाक, मामा’ म्हणून पाठवला. अंतरं, चढ, मुक्काम, सगळं चोख. फक्त मनांगचा दुसरा दिवस तिने दोन कामांना जुंपला होता: उंचीचा सराव, आणि हवा बिघडली तर राखीव.

याच जागी माझी सगळ्यांशी हुज्जत होते. सरावाचा दिवस हा कामाचा दिवस. मनांग साधारण ३,५४० मीटरवर. दिवसा वर चढून यायचं, झोपायला खाली. तो दिवस खर्ची पडला. राखीव दिवस वेगळा, आणि तो कुठे ठेवावा हे मला आजही नीट सुटलेलं नाही. शेवटी पोखऱ्याला ठेवला तर थोरोंगची खिंड केव्हाच मागे पडलेली असते. थोरोंग फेदीला, ४,४५० मीटरवर, ठेवला तर माणसांचं जेवण तुटतं, झोप उडते, आणि ५,४१६ मीटरच्या खिंडीसाठी पहाटे चारला उठायचं तेव्हा अंगात आदल्या दिवसाइतकाही दम नसतो. याक खर्काला ठेवावा, तर पुढच्या दोन दिवसांची हवा अंदाजानेच धरायची. म्हणून मी तो मनांगला मांडतो आणि सांगतो, नाही लागला तर वर घेऊन जा.

२०१४ साली हुदहुद वादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं आणि १४ तारखेला थोरोंगच्या परिसरात बर्फ होऊन कोसळलं. त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. किनाऱ्याची बातमी आपल्या घराघरात होती. डोंगरातल्यांपर्यंत ती नीट पोचली नाही. तेव्हापासून ऑक्टोबरचा बेत आला की मी आधी बंगालच्या उपसागराकडे बघतो, मग हिमालयाकडे.

फेरी उलटी का नाही, असं आईही विचारायची. डोंगर डाव्या हाताला ठेवून कसली प्रदक्षिणा? तिचं शास्त्र बरोबर होतं, पण खिंडीपलीकडच्या मुक्तिनाथकडून खिंड गाठायची तर एका दिवसात सोळाशे मीटरहून जास्त चढ अंगावर येतो. मुक्तिनाथाने एवढी सवलत द्यावी.

हल्ली रस्ता मनांगपर्यंत गेलाय. जीपने थेट वर नेऊन ‘कमी सुट्टीत पूर्ण सर्किट’ विकणारे आपल्याकडेही झालेत. दोन दिवस वाचतात, ते शरीराच्या हिशेबातून. याला मी आखणी म्हणत नाही.

माझी लबाडीही सांगतो. ‘मोकळा दिवस’ लिहिलं की लोक तो छाटतात. म्हणून मी तिथे ‘गंगापूर्णा सरोवर’ लिहितो. सरोवर मनांगपासून हाकेच्या अंतरावर. जायला दिवस लागत नाही, पण नाव भारदस्त आहे. आणि तो दिवस न वापरता मंडळी वेळेत परतली की श्रेय हवेचं असूनही मी चार दिवस मिरवतो. भाचीने मात्र मी तिच्या बेतात घातलेली ती ओळ पकडली आणि सरळ ‘राखीव’ असं लिहून पाठवलं.

तुम्ही जाणार असाल तर परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. महाग पडतं.