राहूची भूक आणि खेळाडूची सोय

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाने ‘डिजिटल डेव्हिल सागा’ हा जपानी गेम सुरू केला, की आधी तो नावांपाशीच अडखळतो. सतत पाऊस कोसळणाऱ्या एका उजाड शहरात सहा टोळ्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत. त्यांच्या मुलखांची नावं मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर अशी; मधोमध उभं आहे कर्ममंदिर; आणि बाकीच्या पाचांना नमवणाऱ्या टोळीला निर्वाणात प्रवेश मिळणार आहे. नायक सर्फ वरुणाचं रूप घेतो, हीट अग्नीचं, आर्जिला पृथ्वीचं, गेल वायूचं, तर सिएलो द्यौसचं. लढायचं कसब मिळवायचं तर मंत्र विकत घ्यावे लागतात. अ‍ॅटलस कंपनीने प्लेस्टेशन २साठी केलेला हा रोल-प्लेइंग गेम जपानमध्ये जुलै २००४मध्ये आला आणि जानेवारी २००५मध्ये त्याचा दुसरा भाग आला. पहिली शंका सगळ्यांना येते तीच मलाही आली: ही नावं नुसती वेगळी वाटतात म्हणून चिकटवली असणार. पण खेळत गेलं की ही शंका टिकत नाही. या गेमचं दुबळेपण नावांत नाही. ज्या भुकेवर सगळी कथा उभी आहे, ती भूक खेळणाऱ्याच्या हातापर्यंत पोचत नाही, हे ते दुबळेपण.

कथेचा पाया खरोखर भक्कम आहे. या टोळ्यांतली माणसं सुरुवातीला भावनाशून्य सैनिक असतात. एके दिवशी रणांगणावर एक विचित्र कळी उमलते, तिच्यातून प्रकाश फुटतो आणि सगळ्यांच्या अंगावर एक खूण उमटते. त्या खुणेमुळे त्यांना राक्षसरूप घेता येतं. त्या रूपाबरोबर शत्रूला खाल्ल्याशिवाय न शमणारी भूक येते, आणि त्याच क्षणापासून त्यांना दया, राग, किळस असं सगळं वाटूही लागतं. भूक आणि माणुसकी एकाच वेळी जाग्या होतात, ही कल्पना मला या गेममधली सगळ्यांत मोठी वाटते. सॉलिड्स टोळीचा अवाढव्य म्होरक्या मिक राहूचं रूप घेतो, तेव्हा ही निवड किती नेमकी आहे हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. ज्या समुद्रमंथनातल्या अमृतासाठी गोदाकाठी सिंहस्थ भरतो, त्याच मंथनात राहूने चोरून अमृत प्यायलं आणि त्याचं डोकं धडावेगळं झालं. तोंड अमर झालं, पोट राहिलंच नाही. कितीही गिळलं तरी त्याचं समाधान होणार नाही. हे नाव निवडणाऱ्याने गोष्ट वाचलेली होती, एवढं खात्रीने म्हणता येतं.

आपल्याकडे खाण्याचा विचार किती जुना आणि किती खोल आहे, हेही हा गेम खेळताना पुन्हापुन्हा आठवतं. तैत्तिरीय उपनिषदातला भृगू तप करतो, तेव्हा त्याला ब्रह्माची पहिली ओळख अन्नाच्या रूपात पटते, आणि त्या उपनिषदाच्या शेवटी खाणारा आणि खाल्ला जाणारा एकच असल्याचा आनंदघोष आहे. मराठी घरांत जेवणाआधी म्हणतात त्या श्लोकातही जेवणाला यज्ञकर्माची जागा दिली आहे. गेम हाच विचार त्याच्या सर्वांत भयंकर टोकाला नेतो. पृथ्वीचं रूप घेणारी आर्जिला खायला ठाम नकार देते. चित्रकार काझुमा कानेको यांनी तिच्या राक्षसरूपाच्या दोन्ही छातींवर दात असलेली तोंडं काढली आहेत. सगळ्यांना पोसणारी धरित्री इथे सगळ्यांना खाणारी झाली आहे. पहिल्यांदा पाहताना ते चित्र नकोसं होतं, पण मुळात विचार नकोसा असेल तर चित्र गोड काढून कसं चालेल? दुसऱ्या टोळीची नायिका जिनाना न खाण्याचा हट्ट धरते, भुकेने तिचं भान सुटतं आणि तिच्याशी लढावं लागतं. त्या प्रसंगात हा गेम चांगल्या कादंबरीच्या तोडीला पोचतो.

लढाईचे नियमही तितकेच विचारपूर्वक केलेले आहेत. आपल्या बाजूला तीन लढवय्ये असतात, म्हणून वाट्याला तीन खेळी येतात. शत्रूच्या कच्च्या जागेवर घाव बसला, उदाहरणार्थ आगीच्या प्राण्यावर बर्फ टाकला, तर अर्धीच खेळी खर्च होते आणि उरलेली अर्धी पुन्हा वापरता येते. घाव चुकला तर दोन खेळी जातात. शत्रूने तो परतवला किंवा पचवला तर सगळ्या खेळी संपतात आणि पाळी त्याच्याकडे जाते. शत्रूलाही हाच नियम लागू असतो. सर्फला आग सोसत नाही. आगीचा शत्रू समोर असताना त्याला पुढे ठेवलं तर शत्रूच्या खेळी वाढत जातात, आणि अख्खी टोळी कोसळताना बघत बसावं लागतं. त्यामुळे साध्या चकमकीतही डोकं गहाण टाकता येत नाही. ‘पाळीपाळीने मारामारी, म्हणजे संथपणा’ अशी या प्रकारच्या गेमांबद्दल जी तक्रार ऐकू येते, तिला हा गेम खेळूनच उत्तर मिळतं. इथे वेग बोटांचा नाही, अंदाजाचा आहे. शोजी मेगुरो यांचं गिटारप्रधान संगीत या ताणाला साजेसं आहे.

आता मुख्य उणीव. कथेतली पात्रं खाल्ल्यावाचून वेडी होतात, पण खेळणाऱ्याच्या हातात असलेली पात्रं होत नाहीत. खाणं हे तिथे एक कसब आहे. घायाळ शत्रूवर ते वापरलं की नवा मंत्र आत्मसात करण्यासाठी लागणारे पॉइंट जास्त मिळतात. न वापरलं तरी काही बिघडत नाही, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. उलट खाल्ल्यावर कधीकधी पोटदुखी होते, ती बरी करेपर्यंत पॉइंटच मिळत नाहीत आणि औषध घ्यावं लागतं. म्हणजे पडद्यावर आर्जिला रडत असते, आणि पुढच्याच मिनिटाला आपण तिच्याकडून दोन-तीन शत्रू गिळवून किती पॉइंट झाले हे बघत असतो. किळस, अपराध, नाइलाज यांतलं काहीही आपल्यापर्यंत येत नाही. जे कथेत अटळ आहे, ते खेळात बोनसासारखं पदरात पडतं. लढाईच्या खेळी इतक्या काटेकोर आखणाऱ्या लोकांनी भुकेलाच मोकळं सोडावं, हे मला पटत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भूक सक्तीची केली असती, दर काही पावलांनी खायला लावलं असतं, तर गेम जाचक झाला असता आणि निम्म्या लोकांनी तो अर्ध्यावर सोडला असता. पण हा गेम जाचाला घाबरत नाही. एका चुकीत सगळ्या खेळी काढून घेणारा नियम खेळाडू तक्रार न करता पाळतो, कारण त्यामागचं कारण त्याला दिसतं. भुकेचं कारण तर त्याहून स्पष्ट होतं. शिवाय करणाऱ्यांना ही फट दिसली असावी, असं दुसऱ्या भागावरून वाटतं. तिथे कधीकधी पात्रं अर्धवट राक्षस होऊन बेभान होतात; घाव जबर बसतात, पण नेम चुकतो, बचाव ढासळतो आणि नेहमीची कसबं हाताशी राहत नाहीत. त्या काही मिनिटांत भूक पहिल्यांदा खेळणाऱ्याच्या अंगावर येते. पहिल्या भागात एवढं जरी असतं, तरी त्याचं वजन वाढलं असतं.

बाकीच्या तक्रारी मला या एका उणिवेच्याच फांद्या वाटतात. वाटेत अचानक उद्भवणाऱ्या चकमकी फार आहेत, आणि लांबलचक चक्रव्यूहात त्या जीव नकोसा करतात. प्रत्येक चकमकीत भुकेचा काही निर्णय असता, तर संख्या खुपली नसती. पॉइंट गोळा करण्यापलीकडे काही उरत नाही म्हणून ती खुपते. कोणताही मंत्र कोणालाही शिकवता येतो, ही मोकळीक आधी सुखावते, पण पुढे अग्नी आणि वायू हे लढाईत जवळपास एकसारखे होऊन बसतात. कथा दोन भागांत तोडून पहिला भाग ऐन वळणावर संपवला आहे, ते मात्र निव्वळ चुकीचं. त्याला कोणतंही कलात्मक कारण मला दिसत नाही.

सर्वांत जोरात येणारा आक्षेप श्रद्धेचा असतो: आमच्या देवांना राक्षस करून लढवायचा जपान्यांना काय अधिकार? ज्या धर्माच्या भिक्खूंसाठी पांडवलेणी कोरली गेली, त्याच धर्माबरोबर आपले वैदिक देव चीनमार्गे जपानात गेले. क्योटोच्या तो-जी मंदिरात हत्तीवर बसलेला इंद्र नवव्या शतकापासून आहे, आणि नाराच्या कोफुकुजीतली तीन तोंडांची, सहा हातांची असुरमूर्ती आठव्या शतकातली आहे. इतकी शतकं ज्यांनी हे देव सांभाळले, त्यांना परके म्हणवत नाही. पंचवटीचा माणूस म्हणून मला जास्त उत्सुकता होती ती रावणाची. ब्रूट्स टोळीचा म्होरक्या व्हॅरिन ओमेगा हे रूप घेतो, आणि आपल्या मागच्या आयुष्याची आठवण असलेल्या मोजक्यांपैकी तो आहे. रामाशिवायचा आणि सीतेशिवायचा हा रावण क्रूर आहे, पण बिनडोक नाही. आदर राखला गेला की नाही, यापेक्षा समज किती होती हे विचारायला हवं, आणि तिथे हिशोब सरसकट बरा नाही. पहिल्या भागाच्या शेवटी स्त्री-पुरुष दोन्ही असलेली जेना एंजल हरिहर होते. आपल्याकडे हरिहर म्हणजे शैव-वैष्णवांचा मेळ. स्त्री-पुरुषाच्या ऐक्यासाठी अर्धनारीश्वर आहे. दुसऱ्या भागात सर्फ आणि कथेची नायिका सेरा एक होतात तेव्हा गेम बरोबर त्याच रूपाकडे जातो, म्हणजे त्यांना ते ठाऊक होतं. पहिल्या भागात तेवढी काळजी घेतली नाही, हे सलतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेल्या ‘राजी’ची तुलना इथे अपरिहार्य आहे, जरी तो वेगळ्या जातीचा, धावपळीचा गेम आहे. दुर्गा आणि विष्णू तिथे कथा सांगतात, शस्त्रं देतात. कमानी, झरोके, मूर्ती सगळं डोळे निववणारं आणि अचूक आहे. पण त्रिशूळ फिरवताना दुर्गेबद्दल नवं काही कळत नाही. त्याच्या जागी दुसरा भाला असता तरी लढाई तशीच झाली असती. अ‍ॅटलसच्या लोकांचा हरिहर चुकला आणि भूकही हातातून निसटली, तरी देवाचा स्वभाव नियमात उतरवायचा प्रयत्न त्यांनी केला. वरुण आगीपुढे हतबल होतो, राहूचं पोट भरत नाही. आपल्याकडच्या पुढच्या गेमने मूर्ती कोरण्याआधी या नियमांकडे बघावं, आणि शक्य झालं तर अ‍ॅटलसने सोडून दिलेली भूक तिथूनच पुढे न्यावी.